गाऱ्हाण्याचा नारळ

यशोदाबाईंच्या कॅन्टीनमध्ये उभं राहून चहात साखर जास्त झाली म्हणायची कोणाची टाप नव्हती. वाशीच्या त्या कॉलेजात खुद्द प्राचार्यसुद्धा चटणी संपली असं कळलं की गुपचूप कोरडा वडा खाऊन उठत. बाई उंचीने जेमतेम पाच फूट, लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की खाडीपलीकडे मुलुंडला ऐकू जावा. पण एवढ्या खणखणीत बाईचं तोंड एका सरकारी खिडकीसमोर दोन वर्षं बंद पडलं होतं.

बाई खारवलीच्या. रबाळ्याच्या कारखान्यांच्या मागे, खाडीला टेकून हे गाव आहे. पूर्वी खारं पाणी अडवायला बांध, बांधाच्या आत भात आणि बांधाच्या बाहेर मासळी असा सगळा कारभार होता. मग सरकारला तिथे नवं शहर वसवायची हुक्की आली आणि भाताची खाचरं नकाशावर गेली. शहर वसलं, रस्ते झाले, इमारती उठल्या, आणि ज्यांच्या जमिनीवर उठल्या त्यांच्या बायका त्याच इमारतींत भांडी घासायला जाऊ लागल्या. पुढे गावांनी मोर्चे काढले, मार खाल्ला, तेव्हा कुठे सरकारने कबूल केलं की गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा भूखंड ज्याचा त्याला परत देऊ. बाईंचा नवरा पंढरी त्या भूखंडाच्या वाटेकडे डोळे लावून बसला आणि तसाच गेला. एक मुलगी, ती करंजाड्याला दिलेली. आता भूखंडासाठी अर्ज करायचा तो बाईंनीच.

अर्जाला एक दाखला जोडायचा होता. ही बाई गावची मूळ रहिवासी आहे आणि मयत पंढरीची बायको आहे, एवढंच त्यात लिहायचं. दाखल्याचा कागद छापील होता आणि त्याच्या तळाला छापलं होतं, ‘सरपंचाची सही व शिक्का’.

घोडं अडलं ते इथे. ब्याण्णवच्या जानेवारीत नवी मुंबईची महापालिका झाली आणि गावची ग्रामपंचायत संपली. सरपंच ज्योतिबा पाटील सकाळी सरपंच होते, संध्याकाळी नव्हते. शिक्का, दप्तर, टेबल सगळं जीपमध्ये घालून नेलं. निवडणूक नाही, नगरसेवक नाही, वर बसला तो सरकारने नेमलेला प्रशासक. बाई प्रशासकाच्या कचेरीत गेल्या, तर तिथले म्हणाले, “आमचे साहेब सरपंच थोडेच आहेत? त्या जागी सही कशी करतील?” बाई ज्योतिबांकडे गेल्या, तर ते बिचारे म्हणाले, “यशोदे, सही दहा वेला करतो, पन शिक्का कुठून आनू?” बाई परत भूखंडाचे अर्ज घेणाऱ्या खिडकीवर गेल्या.

खिडकीतला कारकून ज्ञानू म्हात्रे. ऐरोलीचा, खाडीकाठच्याच घरातला, बाईंच्या भाच्याच्या वयाचा. तो वाईट नव्हता, आणि हीच त्याची मोठी खोड होती. वाईट असता तर बाईंनी त्याला उभा सोलला असता. तो दर खेपेला अदबीने म्हणायचा, “मावशी, मी काय करू? जे छापलंय ते लागतं.”

“अरे पन सरपंचच नाय ना आता!”

“ते मना ठाव हाय, मावशी. पन छापलंय ना.”

दोन वर्षांत बाई त्या खिडकीवर एकवीस वेळा गेल्या. एकविसाव्या खेपेला ज्ञानूने हळूच सांगितलं की सरत्या वर्षाला ज्यांचे दाखले आले नाहीत त्यांच्या फायली बंद करायचा हुकूम निघणार आहे. पंढरीची फाईल म्हणजे पंढरीचा बांध, पंढरीची खाचरं आणि पंढरीचं नाव. बाई परत आल्या आणि त्या दिवशी कॅन्टीनमधली दोन पातेली चेपली.

त्याच महिन्यात, म्हणजे त्र्याण्णवच्या डिसेंबरात, कॉलेजच्या राज्यशास्त्राच्या मुलांचा दिल्लीला अभ्यासदौरा ठरला. तिथल्या एका संस्थेत आठ दिवसांचा वर्ग होता, विषय ‘घटनात्मक शासन’. दुसऱ्या वर्षाची सव्वीस मुलं आणि त्यांचे प्राध्यापक मधुकर घैसास. घैसास सर विषयात हुशार माणूस. घटनेची कलमं त्यांना अशी पाठ की झोपेत उठवून विचारावं. मात्र आईबापांना कलमांची नाही, जेवणाची काळजी. मुली पाठवायच्या तर जेवायला कोण घालणार, हा प्रश्न सभेत उभा राहिला, आणि मराठी माणसाने तो नेहमीसारखा सोडवला. आचारी बरोबर न्यायचा. यशोदाबाईंना सर म्हणाले, “बाई, तुम्हीच चला. अनायासे राजधानी बघून होईल.”

बाईंनी दोन स्टोव्ह, तांदळाचं पोतं, मसाल्याचे डबे आणि सात नारळ बांधले. सरांनी सुकी मासळी घ्यायची नाही असं बजावलं होतं. बाईंनी ती सरांच्याच बॅगेखाली ठेवली.

संस्थेचं स्वयंपाकघर आणि वर्गाची खोली यांच्यामध्ये ताटं सरकवायची एक खिडकी होती. थंडी मरणाची, त्यामुळे बाई चुलीपासून हलायच्या नाहीत, आणि खिडकी उघडी असल्यामुळे पलीकडचं सगळं त्यांच्या कानावर पडायचं. तिथले व्याख्याते इंग्रजीतून बोलत, मग घैसास सर तेच मराठीतून समजावून देत. बाई डाळ घोटता घोटता ऐकत. कोण कोणाला जाब देतो, कायदा कोण करतो, तो मोडला तर दाद कुठे मागायची. बाईंना हे नवं नव्हतं. खारवलीत गावकी होती आणि गावकीत हेच चाले. फक्त तिथे धोतरं होती आणि इथे सूट होते.

तिसऱ्या दिवशी सर सांगत होते, “यंदाच घटनेत मोठी दुरुस्ती झाली आहे. पंचायती आणि नगरपालिका आता कोणाच्या मेहेरबानीवर नाहीत. बरखास्त केली, तर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते. सहा महिने! लिहून घ्या.”

खिडकीतून डाव बाहेर आला आणि मागोमाग बाईंचं तोंड.

“सर, यो कायदा सगल्यांना हाय का दिल्लीपुरता?”

मुलं हसली. सर म्हणाले, “सगळ्या देशाला आहे, बाई.”

“मंग आमच्या गावाला दोन वर्सं झाली. सरपंच गेला, आनि त्याच्या जागी कोन नाय. सरकारी काम सहा महिने थांब म्हनतात, ते आता घटनेतबी लिवलंय म्हना की. पन दोन वर्सं थांब, असं कुठं लिवलंय?”

आता हसू वेगळं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “तुमची पंचायत बरखास्त नाही झाली, बाई. ती शहरात विलीन झाली. नवीन महापालिकेचा प्रश्न निराळा. तो जरा तांत्रिक मुद्दा आहे.”

“मंग शहराची निवडनूक?”

“होईल ना. डाळ लागेल खाली, बघा.”

डाळ लागली नव्हती. बाईंच्या तळपायाची आग मात्र मस्तकात गेली होती. आता तुम्हीच सांगा, जो माणूस सव्वीस पोरांना सहा महिन्यांचं कलम लिहून घ्यायला लावतो, त्याला दोन वर्षं ताटकळलेला माणूस समोर उभा राहिल्यावर डाळीचा वास यावा? पण बाई डाळीकडे वळल्या. आठ दिवस त्या सरांच्या मिठावर होत्या, आणि मीठ घालणाऱ्या त्याच असल्या तरी पोतं सरांनी विकत घेतलेलं होतं.

त्या वर्गात एक उज्वला जाधव होती. साताऱ्याकडचे तिचे वडील शहाजी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, पाठीवर गोणी वाहणारे. घर कोपरखैरण्याला. पोरगी अबोल, पण हसली नव्हती ती एकटीच. संध्याकाळी ती आपणहून लसूण सोलायला येऊन बसली आणि म्हणाली, “मावशी, त्या दाखल्याचं काय ते नीट सांगा ना.” बाईंनी थोडंसं सांगितलं. सगळं सांगायला लसूण पुरला नाही.

पाचव्या दिवशी मुलांना संसदेचं कामकाज बघायला नेलं. पास सत्तावीस होते, सव्वीस मुलं आणि सर. बाई बाहेर थंडीत बाकावर, जेवणाचे डबे मांडीवर घेऊन बसल्या. तीन तासांनी मुलं आली ती चिवचिवाट करत. कोणी म्हणे निम्मी बाकं रिकामी होती, कोणी म्हणे एक म्हातारा खासदार पेंगत होता. उज्वला बाईंजवळ बसली.

“मावशी, एक चांगलं होतं. तिथं कोणी प्रश्न विचारला ना, की मंत्र्याला उठून उत्तर द्यावंच लागतं. टाळता येत नाही. उत्तर दिल्याशिवाय तो विषय संपत नाही.”

“म्हंजे नारल ठेवल्यासारखंच,” बाई म्हणाल्या.

उज्वलाला कळलं नाही, आणि तेवढ्यात कोणीतरी लोणचं मागितलं, म्हणून ते तिथेच राहिलं. आपण मात्र ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. खारवलीच्या गावकीत बाईला बोलायची मुभा नव्हती. पण खाडीकाठच्या गावांची एक रीत होती. कोणा बाईवर अन्याय झाला, विशेषतः तिच्यामागे पुरुष नसला, तर तिने देवळात गावकी बसलेली असताना पुढे यायचं आणि पंचांसमोर नारळ ठेवायचा. काही बोलायचं नाही. नारळ ठेवला की पंचांनी तिला ‘बोल’ म्हणायचं, आणि ती बोलून निकाल लागेपर्यंत एकाही माणसाने जागचं उठायचं नाही. मग ती रात्र होवो, भरती येवो, घरी जेवण निवो. निकाल लागला की नारळ फोडायचा आणि दोन्ही बाजूंना खोबरं द्यायचं. बाईंच्या सासूने एकदा असा नारळ ठेवला होता, तेव्हा मीठ आणायला निघालेली होडी दुपारपर्यंत थांबवून ठेवली होती. गाव अडाणी म्हणा हवं तर, पण नारळाचा मान राखायला त्याला कोणी छापील कागद दिलेला नव्हता.

आठव्या दिवशी समारोप होता. संस्थेने एका मोठ्या साहेबांना बोलावलं होतं, निवृत्त सचिव, मराठीच, उभा जन्म सरकारात गेलेला. सरांनी आदल्या रात्री बाईंना सांगितलं, “उद्या चहा झकास हवा. साहेबांच्या हाताखालून महाराष्ट्राचे किती कायदे गेलेत माहीत आहे?”

हे बाईंना सांगायला नको होतं. कायदे ज्याच्या हाताखालून गेले तो माणूस समोर बसणार, बाजूला सर बसणार, सव्वीस पोरं बसणार, म्हणजे ही गावकीच भरली की. सातांतले दोन नारळ उरले होते. बाईंनी त्यांतला चांगला शेंडीचा निवडला, धुतला, पदराखाली घेतला आणि खोलीच्या मागे उभ्या राहिल्या.

साहेब बोलले छान. लोकशाहीचं बळ शेवटच्या माणसाच्या हाकेला ओ देण्यात आहे, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. साहेब बसले आणि त्याच क्षणी बाई मधल्या वाटेने सरळ पुढे गेल्या. कोणी अडवलं नाही. त्यांनी साहेबांसमोर टेबलावर नारळ ठेवला, दोन पावलं मागे सरल्या आणि ‘बोल’ म्हणतील म्हणून खाली मान घालून उभ्या राहिल्या.

सूत्रसंचालन करणाऱ्या पोराने माईक ओढला.

“आणि आता आपल्या अन्नपूर्णा यशोदाबाई यांच्या हस्ते मान्यवरांचा श्रीफळ देऊन सत्कार होत आहे!”

खोली टाळ्यांनी दणाणली. साहेब प्रसन्न हसले. उठून उभे राहिले. त्यांनी नारळ दोन्ही हातांत घेतला आणि फोटोवाल्याकडे वळून थांबले. फोटोवाला म्हणाला, “बाई, थोडं इकडे बघा.”

“साहेब, उठू नका,” बाई म्हणाल्या. “बसा, माजं ऐकून घ्या.”

“अहो नको नको, बसायचं कशाला, मी काही एवढा मोठा नाही,” असं म्हणून साहेबांनी त्यांना नमस्कार केला. नारळ शिपायाच्या हातात गेला, शिपाई गाडीकडे गेला. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या. आणि घैसास सर गर्दीतून मान उंचावून म्हणाले, “वा बाई, छान सुचलं तुम्हाला! पण आता चहा. चहा!”

यशोदाबाईंनी चहा ओतला. तेहेतीस कप. साहेबांना दोनदा. डोळ्यांत पाणी होतं, ते वाफेचं असेल असं कोणालाही वाटलं असतं. आपलं गाऱ्हाणं आपल्याच देखत सत्कार म्हणून खपावं, त्यावर टाळ्या पडाव्यात आणि वर आपणच चहा द्यावा, याहून मोठा अपमान बाईंना आयुष्यात झाला नव्हता. ज्ञानूने निदान ‘नाही’ म्हटलं होतं. यांनी तर ऐकलंच नाही, आणि वर धन्यवाद दिले.

परतीच्या गाडीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. रतलामच्या पुढे उज्वला त्यांच्या पायाशी येऊन बसली आणि विचारत राहिली, तेव्हा बाईंनी तिला रीत सांगितली. नारळ काय असतो ते सांगितलं. पोरगी ऐकता ऐकता पांढरी पडली.

“मावशी,” ती म्हणाली, “आवो मी पण टाळ्या वाजवल्या.”

“वाजिवल्यास,” बाई म्हणाल्या. “मी बगितलं.”

दौऱ्यावर प्रत्येकाने अहवाल लिहायचा होता, पंचवीस मार्कांचा. पंचवीस मुलांनी संसद भवनाला खांब किती ते लिहिलं. उज्वलाने नारळाचं लिहिलं, चौदा पानं, सहा महिन्यांच्या कलमासकट. घैसास सरांनी पहिलं पान वाचलं, तांबड्या शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि नऊ मार्क दिले. पुढची तेरा पानं उलटून बघायचीसुद्धा त्यांना गरज वाटली नाही. आणि फेब्रुवारीत राज्यशास्त्र विभागाच्या बाहेर, काचेच्या चौकटीत, एक मोठा फोटो लागला. हसणारे साहेब, हातात नारळ, बाजूला मान खाली घातलेल्या यशोदाबाई. खाली सुबक अक्षरांत, ‘कॅन्टीनच्या श्रीमती यशोदाबाई पाटील मान्यवरांचा सत्कार करताना’. रोज सकाळी शिक्षकांच्या खोलीत चहा न्यायचा रस्ता त्या फोटोवरून होता. बाई वर्षभर दुसऱ्या जिन्याने चढल्या.

फाईल बंद करायचा हुकूम काही महिने लांबला, मग आणखी काही. सरकारच्या आळसाचा गरिबाला एवढाच काय तो फायदा. पंचाण्णवच्या सुरुवातीला एकदाची महापालिकेची निवडणूक झाली. तीन वर्षांनी गावाला स्वतः निवडलेलं माणूस मिळालं, तीही एक बाई. निकालाच्या चौथ्या दिवशी यशोदाबाई नगरसेविकेच्या दारात हजर होत्या. तिने छापील दाखल्यावर झोकात सही केली, नवाकोरा शिक्का मारला. तिसऱ्या वर्षाला आलेली उज्वला त्या दिवशी बरोबर होती. दोघी खिडकीवर गेल्या.

ज्ञानूने कागद पाहिला, मान हलवली आणि कागद परत सरकवला.

“मावशी, ही नगरसेविकेची सही. इथं सरपंच छापलंय.”

उज्वला काहीतरी ओरडली. बाईंनी तिला हाताने थांबवलं. दिल्लीहून आल्यापासून त्या एका गोष्टीचा विचार करत होत्या. आपण नारळ मोठ्या माणसापुढे ठेवला, कारण आपल्याला वाटलं न्याय वर असतो. पण वरच्याला नारळ म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक आहे तो तर इथे बसलाय. बाई खिडकीला वळसा घालून, ‘आत येण्यास मनाई’ लिहिलेल्या दारातून आत गेल्या आणि पिशवीतून नारळ काढून ज्ञानूच्या टेबलावर, त्या छापील कागदावरच ठेवला.

ज्ञानू जेवायला निघाला होता, खुर्चीतून अर्धा उठला होता. नारळ बघून तो तसाच थबकला.

“मावशी, यो ऑफिस हाय.”

“मना दिसतं. तुला यो काय हाय ते दिसतं का?”

ज्ञानू म्हात्रे बी.कॉम. झालेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं लावणारा माणूस. पण त्याची आजीही खाडीकाठचीच होती. तो हळूहळू परत खाली बसला. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “काय रे, चल ना जेवायला,” तर हा म्हणाला, “तू हो पुढं. मला उठता येत नाही.” मग बाईंकडे न बघता, अगदी लहान आवाजात म्हणाला, “बोल, मावशी.”

बाई बोलल्या. बांधापासून सुरुवात केली. खाचरं, मोर्चे, पंढरीचा खोकला, जीपमधून गेलेलं दप्तर, या खिडकीच्या एकवीस खेपा, दिल्ली, टाळ्या, चहा. जेवणाची सुट्टी संपली, खिडकीपुढे रांग लागली, लोक ओरडायला लागले, ज्ञानू हलला नाही. त्यांचं बोलणं संपलं तेव्हा त्याने खिशातलं पेन काढलं, कागदावर ‘सरपंचाची’ या शब्दावर एक आडवी रेघ मारली, वर ‘नगरसेविकेची’ असं लिहिलं, बाजूला स्वतःची आद्याक्षरं टाकली आणि कागद फायलीत लावला.

एक रेघ! तीन वर्षं एका बाईला झिजवलं, आणि औषध काय, तर चार बोटं लांबीची रेघ. ती ज्ञानूला पहिल्या दिवशी मारता आली असती, प्रशासकाच्या कचेरीला मारता आली असती, ते कागद छापून घेणाऱ्याला तर सहज मारता आली असती. कोणाचं काय जात होतं? उज्वला रडायला लागली ती आनंदाने नव्हे, संतापाने.

ज्ञानूने कपाळ पुसलं. “झालं, मावशी. आता फोडा नारल.”

बाईंनी नारळ उचलून परत पिशवीत घातला. “तुज्यापुरता फुटला समज. तू बसलास, ऐकलंस. पन यो नारल दोनदा ठेवायचा हाय.”

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात घैसास सरांचा तास होता. विषय, तक्रार निवारणाचे घटनात्मक मार्ग. साठ मुलं वह्यांत लिहीत होती. दार उघडलं आणि यशोदाबाई आत आल्या. सरांनी फळ्याकडून न वळताच म्हटलं, “बाई, चहा तासानंतर.”

“चहा नाय आनला,” बाई म्हणाल्या आणि सरांच्या टेबलावर, उघड्या पुस्तकावर, नारळ ठेवला. दोन पावलं मागे सरल्या. या वेळी मान खाली नव्हती.

सर वळले. नारळाकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. “अरे वा! कशाबद्दल हा? आज काय विशेष, बाई?” एकदोघांनी टाळ्या वाजवायला हात वर केले.

“कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत!” उज्वला मागच्या बाकावरून उठली होती. तिचा एवढा मोठा आवाज वर्गाने तीन वर्षांत ऐकला नव्हता. “सर, हा सत्कार नाही. हे गाऱ्हाणं आहे. दिल्लीत होतं तेपण गाऱ्हाणंच होतं. माझ्या अहवालात दुसऱ्या पानापासून लिहिलंय, तुमी वाचलं नाही. तुमी खाली बसा सर. आणि मावशींचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही.”

सरांनी दाराकडे पाहिलं. काचेतून समोरच्या भिंतीवरचा तो फोटो दिसत होता, हसणारे साहेब आणि मान खाली घातलेली बाई. मग त्यांनी खडू ठेवला, खुर्ची ओढली आणि बसले. पुढे काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी उज्वलाकडे बघितलं.

“‘बोल’ म्हणायचं, सर,” ती म्हणाली.

“बोला, यशोदाबाई,” सर म्हणाले.

बाईंनी बांधापासून सुरुवात केली. खाचरांपर्यंत आल्या असतील नसतील, तोच तास संपल्याची घंटा झाली. बाहेर व्हरांड्यात पुढच्या वर्गाची मुलं येऊन दार ठोठावू लागली. आत कोणी उठलं नाही.